सर, यात बिघडलंय काय?

बायकोला एनएचएसमधे, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेत, नर्सची नोकरी लागली म्हणून आम्ही इंग्लंडात आलो, ती पुढे आणि मी मागनं. मी मूळचा मिरजेचा, पुण्यात १४ वर्षं एका स्टुडिओत रेकॉर्डिंगला होतो, जाहिराती, भक्तिगीतं, शाळांची स्वागतगीतं, निवडणूक आली की उमेदवारांची गाणी, जे येईल ते. इथे आल्यावर आठ महिने मुलीला शाळेत सोडणं-आणणं आणि भांडी एवढंच काम, मग लेस्टरपासून अर्ध्या तासावरच्या एका सेकंडरी शाळेत म्युझिक टेक्निशियन म्हणून लागलो. टेक्निशियन म्हणजे काय तर तुटलेल्या केबली सोल्डर करा, गिटारच्या तारा बदला, कीबोर्डच्या फटीत चिकटवलेलं च्युइंगगम काढा. दुसऱ्याच वर्षी म्युझिक टेक्नॉलॉजी शिकवणारा माणूस सोडून गेला, जाहिरात देऊनही कोणी मिळेना, तेव्हा हेड ऑफ म्युझिक बाई मला म्हणाल्या की तू तर आयुष्यभर हेच करत होतास, घे की वर्ग. मी लगेच हो म्हणालो. मला वाटलं स्टुडिओत करायचो तेच पोरांना दाखवायचं, त्यात काय एवढं.

ही परीक्षा काय आहे ते आधी सांगतो, कारण गावाकडे सांगितलं की लोकांना वाटतं डीजेचा कोर्स आहे. इंग्लंडात १६ ते १८ वयाची पोरं ए-लेव्हल करतात, आपली अकरावी-बारावी समजा, बहुतेक जण तीनच विषय घेतात आणि त्यातला एक म्युझिक टेक्नॉलॉजी असू शकतो. बोर्ड पिअर्सन एडेक्सेल, सध्याचा अभ्यासक्रम २०१७ पासून शिकवतायत. एकूण ३०० मार्क. त्यातलं ६० मार्कांचं एक रेकॉर्डिंग आणि ६० मार्कांची एक रचना, ही दोन्ही शाळेत करून बोर्डाला पाठवायची. मग उन्हाळ्यात दोन पेपर, एक ७५ मार्कांचा दीड तासाचा, गाणी ऐकून लिहायचा, आणि दुसरा १०५ मार्कांचा सव्वादोन तासांचा, कॉम्प्युटरवर बसून. या शेवटच्या पेपरात बोर्ड ऑडिओ आणि मिडीच्या (कुठला सूर कधी वाजवायचा एवढंच लिहिलेल्या) फाइल्स देतं, त्यात काहीतरी मुद्दाम बिघडवून ठेवलेलं असतं, ते शोधायचं, दुरुस्त करायचं, सगळं जोडून मिक्स करायचं, आणि मधेमधे का केलं ते कागदावर लिहायचं, शेवटी एक २० मार्कांचा निबंध. वर सेटअपला १० मिनिटं देतात, ती म्हणजे देवळातला प्रसाद, हातावर पडेपर्यंत संपतो.

मी लहानपणी गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षा दिलेला माणूस. तिथे परीक्षक समोर बसलेला असतो, भूप म्हण म्हणाला की भूप म्हणायचा, चुकलं तर त्याच्या कपाळावर लगेच दिसतं, आणि एखादा दयाळू असला तर स्वतःच सूर देतो. इथे परीक्षक कधी दिसतच नाही. त्याच्याकडे जातात नुसत्या आवाजाच्या वेव्ह फाइल्स आणि एक उत्तरपत्रिका. पोराचे हात किती झपाझप चालले, त्याने किती प्लगिन उघडले, याचं त्याला काही नाही.

पोरं सात होती. आणि सॉफ्टवेअरमधे माझ्यापेक्षा कितीतरी पुढे, हे मान्य करायला मला काही वाटत नाही. मी जुना प्रो टूल्सवाला, शाळेत लॉजिक, दोन्ही रेकॉर्डिंगचीच सॉफ्टवेअरं पण वेगळी, त्यामुळे पहिले दोन आठवडे शॉर्टकट मीच त्यांच्याकडनं शिकत होतो. या सगळ्या प्रकारच्या सॉफ्टवेअरला इथे 'डॉ' (डीएडब्ल्यू, डिजिटल ऑडिओ वर्कस्टेशन) म्हणतात, पहिल्या मीटिंगमधे बाई म्हणाल्या की पोरांचा डॉ चांगला आहे, मला वाटलं शाळेत डॉक्टर येतो की काय.

पहिल्याच आठवड्यात मी घरी बसून एक फाइल बनवली. बायको नाइट करून आलेली, तिच्याकडनं तशाच अवस्थेत अंगाईच्या चार ओळी गाऊन घेतल्या, आणि मग त्यात घाण केली. खाली ५० हर्ट्झचा हम, म्हणजे विजेची गुणगुण, सोडला, दोन ठिकाणी क्लिक टाकले, एक सूर थोडा उतरवला आणि तिसरी ओळ अर्धी मात्रा उशिरा सरकवली. वर्गात दिली आणि म्हणालो, अर्धा तास, यात काय बिघडलंय ते शोधा आणि नीट करून द्या. अर्ध्या तासाने ऐकलं तर पाच जणांनी पहिल्यांदा रिव्हर्ब, म्हणजे देवळात घुमल्यासारखा आवाज, लावलेला. मग कॉम्प्रेसर, म्हणजे मोठा आवाज दाबून सगळं सारखं करणारा, तो पण कुठला तरी प्रीसेट, तयार सेटिंग. एकाने तर अंगाईखाली ट्रॅप बीट घातला, आणि खरं सांगू का, बरा होता, पण हम तसाच. सात जणांपैकी एकालाही हम सापडला नाही. आमच्यात एक ड्रम वाजवणारा उंच पोरगा होता, तो हेडफोन काढून मला म्हणाला, 'सर, यात बिघडलंय काय? मला तर छान वाटतंय.' तो थट्टा करत नव्हता, त्याला खरंच छान वाटत होतं.

मग मी जरा खोलात गेलो. पोरं सगळं संगीत ऐकणार फोनवर नाहीतर कानात कोंबायच्या त्या छोट्या बोंडांवर. फोनच्या स्पीकरमधून ५० हर्ट्झ येतच नाही, तो स्पीकर तिथपर्यंत पोचत नाही, मग तो आवाज ओळखीचा होणार कधी. माझ्या मात्र तो हाडात मुरलेला, कारण भारतातही वीज ५० हर्ट्झची आणि इंग्लंडातही ५० हर्ट्झची, पुण्यातल्या स्टुडिओत अर्थिंग गेलं की हाच सूर यायचा, साधारण पेटीच्या पांढरी पाचच्या आसपास. इथे आल्यावर पहिल्या महिन्यात जे काही अगदी घरच्यासारखं वाटलं त्यात हा एक, म्हणजे बघा काय दशा होती.

दुसरं म्हणजे पोरं ऐकत नव्हती, बघत होती. स्क्रीनवर वेव्हफॉर्म, म्हणजे आवाजाचा आलेख, दिसतो ना, तो बघायचा, काही टोकदार दिसलं तर कापायचं. क्लिक असा सापडतो कधीकधी, पण उतरलेला सूर डोळ्याला कसा दिसणार. म्हणून मी नियम केला, तासाची पहिली १० मिनिटं स्क्रीन बंद. नुसतं ऐकायचं आणि वहीत लिहायचं. पोरं वैतागली. एक जण म्हणाला की सर हे योगा क्लाससारखं वाटतंय.

पण मला यापेक्षा वेगळं काही येत नव्हतं, कारण मी असाच शिकलो. मिरजेत आमचे मास्तर मला भिंतीकडे तोंड करून बसवायचे, पाठीमागे तंबोरा छेडत राहायचे आणि मधेच एखाद्या तारेचा मणी केसभर सरकवायचे. कुठली तार हलली ते सांगायचं. चुकलं तर काही बोलायचे नाहीत, परत जुळवून परत सुरू. असे कितीतरी महिने गेले, गाणं नाही काही नाही, नुसता तंबोरा. तेव्हा मला वाटायचं म्हातारा वेळ काढतोय.

तर मी घरचा तंबोरा शाळेत नेला. मिरजेचाच आहे, भोपळ्याला एक चीर गेलीय विमानात, पण आवाजाला काही झालेलं नाही. गाडीत पुढच्या सीटवर बेल्ट लावून नेला. पोरांना आधी वाटलं हे काहीतरी सांस्कृतिक चाललंय, दिवाळीच्या असेंब्लीसारखं, सगळ्यांनी ते ठरावीक आदराचे चेहरे केले. मी काळी एकला जुळवला, समोर कंडेन्सर माइक लावला, दोन मिनिटं रेकॉर्ड केलं आणि मग विचारलं की यात किती सूर ऐकू येतायत. चार तारा दिसत होत्या म्हणून कोणी चार म्हणालं, एक जण म्हणाला तीन कारण मधल्या दोन सारख्याच आहेत, तो हुशार.

मग इक्यू उघडला, म्हणजे आवाजातला एकेक पट्टा वर-खाली करायचं साधन. एक बँड घेतला, अगदी अरुंद, १२ डीबी वर उचलला आणि हळूहळू खालून वर सरकवत गेलो. खर्जाची तार ६९ हर्ट्झच्या आसपास असते काळी एकला, तर तिच्या दुपटीला, तिपटीला, चौपटीला काहीतरी उजळतं, ते पोरं ऐकत होती, आणि ३४६ च्या जवळ आलो आणि तिथे गंधार उभा राहिला. स्वच्छ. तंबोऱ्यावर गंधाराची तारच नाही. आपल्याकडे त्याला स्वयंभू गंधार म्हणतात, गाणाऱ्यांच्या घरात हा शब्द लहान पोरालाही माहीत असतो, फिजिक्सच्या भाषेत तो खर्जाचा पाचवा हार्मोनिक, मूळ सुराच्या पाचपट. वर्गात एकदम शांतता. ड्रमवाला म्हणाला, 'हा कुठनं आला?' मी म्हटलं आला नाही, होताच. मग कीबोर्डवर तोच सूर दाबून दाखवला, तर कीबोर्डचा गंधार थोडा चढा लागतो, १४ सेंटच्या आसपास (शंभर सेंट म्हणजे एक पट्टी), दोन्ही एकदम वाजवले की मधे थरथर ऐकू येते. ती थरथर ऐकायला सातही जण मान वाकडी करून स्पीकरपाशी आले. जवारीचा दोरा काढून घातला की वरचे सूर कसे उजळतात ते पण दाखवलं, एकाने तो दोरा म्हणजे फिल्टरच आहे की असं म्हटलं, आणि म्हटलं तर आहेच.

त्या दिवसानंतर इक्यू सरकवून ऐकण्याचं वेडच लागलं त्यांना. कँटीनमधल्या फ्रिजचा आवाज फोनवर रेकॉर्ड करून आणायला लागले. मी पण मास्तरांचा खेळ सुरू केला, पाठ करून बसवायचं आणि चालू गाण्यात २०० हर्ट्झला ३ डीबी उचलायचे, किंवा एक चॅनल उलटा करायचा, नाहीतर कॉम्प्रेसरचा अटॅक, म्हणजे तो किती पटकन पकडतो ते, बदलायचं, आणि विचारायचं काय झालं. नोव्हेंबरपर्यंत हम सगळ्यांना सापडायला लागला, ड्रमवाला सोडून. त्याचं कारण मला अजून कळलेलं नाही, ड्रम वाजवून कान गेले म्हणावं तर वरचं सगळं नीट ऐकायचा.

रेकॉर्डिंगचं सांगतो. बोर्ड १० गाण्यांची यादी देतं, त्यातलं एक निवडायचं, पाच वाद्यं सक्तीची आणि वर यादीतली निदान दोन, लांबी ३ ते साडेतीन मिनिटं. वाजवायचे मार्क नाहीत, पकडायचे आणि मिक्स करायचे मार्क, त्यामुळे वाजवणारा दुसरा कोणी चालतो, आणि इथेच शाळाशाळांत फरक पडतो. काही शाळांकडे खरा स्टुडिओ असतो, मोठा डेस्क, वेगळी ड्रमची खोली. आमच्याकडे आठ इनपुटचा इंटरफेस आणि ड्रमला नाटकाच्या वर्गाशेजारची कोठी, तिथे पडदे आणि ख्रिसमसच्या नाटकातली मेंढरं रचलेली. पण गंमत म्हणजे त्या मेंढरांमुळे खोलीचा आवाज मस्त मेला, लोक त्यासाठी फोम विकत घेतात.

ड्रमच्या दिवशी मी पोरांना सगळ्यात जास्त एकच गोष्ट घोटवली, फेज, म्हणजे दोन माइकांच्या लाटा एकमेकींशी जुळतात की नाही. स्नेअर ड्रमला वर एक माइक आणि खाली एक. काठी पडली की चामडं खाली जातं, म्हणजे वरच्या माइकपासून लांब आणि खालच्याच्या जवळ, दोघांच्या लाटा उलट्या, एकत्र केल्या की बूड गायब आणि राहतो नुसता पत्र्याचा डबा. खालच्या चॅनलचं पोलॅरिटीचं, म्हणजे लाट उलटी करायचं, बटण दाबलं की स्नेअर परत अंगात येतो. हे मी फळ्यावर काढून दाखवलं तेव्हा कोणाला काही पडलं नव्हतं, पण ते बटण दाबून सोडून दाबून सोडून ऐकवलं तेव्हा एक मुलगी खरंच मोठ्याने हसली. मग ड्रमच्या वरचे ओव्हरहेड माइक, आवाज सेकंदाला ३४३ मीटर जातो म्हणजे एक मीटर लांबच्या माइकला जवळजवळ ३ मिलिसेकंद उशीर, मोजपट्टी घेऊन दोन्ही माइक स्नेअरपासून सारख्या अंतरावर लावा. तासभर नुसतं मोजपट्टीचंच काम. शिंप्याच्या दुकानात आल्यासारखं वाटतंय असं कोणीतरी म्हणालं.

आणि आता माझी चूक. एका मुलाच्या गाण्यात गाणारी त्याची चुलत बहीण, ती स्कॉटलंडला शिकते, वीकेंडला आली, गाऊन गेली. त्या दिवशी जो मॅक वापरला त्याच्यावर आदल्या आठवड्यात मीडियाच्या पोरांनी व्हिडिओचं काम केलेलं, त्यामुळे सेशन उघडलं ते ४८ किलोहर्ट्झला, म्हणजे सेकंदाला आवाजाचे ४८ हजार नमुने. बाकी सगळं गाणं ४४.१ ला. त्याने आवाजाच्या फाइल आणल्या आणि गाण्यात टाकल्या. लॉजिकमधे आणताना आपोआप बदलून घ्यायची सेटिंग असते, ती मी सप्टेंबरमधे सगळ्या मॅकवर बंद केली होती, जुनी स्टुडिओची सवय, आपल्याला न विचारता कॉम्प्युटरने काही बदललेलं मला खपत नाही. तर झालं काय की बहिणीचा आवाज संथ आणि खाली. किती खाली, तर एक पट्टी नाही, दोन पट्टी नाही, दीडच्या जरा अलीकडे लोंबकळत. आणि ३ मिनिटांचं गाणं सव्वातीन मिनिटांच्या पुढे गेलेलं.

पोराला वाटलं बहीण बेसूर गायली. त्याने मला सांगितलंच नाही, लाज वाटली असेल किंवा बहिणीची बाजू घेत असेल, आणि दोन आठवडे एकेक ओळ वर खेचत बसला, पिच वाढव, वेळ आकस, परत पिच. जेव्हा मला ऐकवलं तेव्हा ती मुलगी पाण्याच्या टाकीत बसून गातेय असं वाटत होतं. मी मूळ फाइल मागितली. ऐकली, आणि पोटात गोळाच आला, कारण तो विशिष्ट उतार मी पुण्यात एकदा ऐकला होता, तेव्हा पार्टीने बिल दिलं नव्हतं. सेटिंग चालू केली, फाइल परत आणली, पाच सेकंद. बहीण अगदी सुरात. पोरगा माझ्याकडे बघतच राहिला. मी त्याला सरळ सांगितलं की बाबा चूक माझी, तुझे दोन आठवडे मी खाल्ले. तो म्हणाला, 'ठीके सर, निदान ती चांगली गाते एवढं तरी कळलं.' लॉगबुकमधे हा सगळा किस्सा त्याने व्यवस्थित लिहिला, माझं नाव न घालता.

रचनेबद्दल फार सांगत नाही, तिथे मला फारसं काही करावंच लागलं नाही. बोर्डाचे तीन विषय असतात त्यातला एक घ्यायचा, सिंथेसिस म्हणजे यंत्रावर सूर घडवणं हवं, सॅम्पलिंग म्हणजे रेकॉर्ड केलेला आवाज वाद्यासारखा वापरणं हवं, इफेक्ट कल्पकतेने वापरायला हवेत. एवढंच बजावत राहिलो की प्रीसेट उघडून तसाच ठेवला तर त्यात तुमचं काय आहे, ऑसिलेटरपासून, म्हणजे कोऱ्या सुरापासून, सुरू करा, फिल्टर लावा, एन्व्हलप, म्हणजे आवाजाचा चढउतार, स्वतः काढा. एका पोलिश मुलीने आईच्या शिवणयंत्राचा आवाज सॅम्पल केला आणि त्याचा अख्खा ड्रमकिट बनवला, पायडल दाबतानाचा घर्रर्र उलटा करून त्यातून जो काय राक्षस काढला तो मला आजही जमणार नाही. मी फक्त शेवटी एवढंच सांगितलं की रिव्हर्बची शेपूट कापू नकोस.

लिहायच्या पेपरात मात्र रक्त आटलं. त्यांचंही आणि माझंही. कारण पोरांना ऐकू यायला लागलं होतं पण शब्द नव्हते. 'आवाज वॉर्म आहे', 'व्हायब छान आहे', 'पंची आहे'. मी प्रत्येक ठिकाणी लाल पेनने 'म्हणजे?' लिहायचो, नंतर नंतर त्यांनी माझं नावच ते पाडलं. वॉर्म म्हणजे काय, ४ किलोहर्ट्झच्या वर कमी आहे की २५० ला जास्त आहे की टेपवर जोरात रेकॉर्ड केल्यासारखं टेप सॅच्युरेशन आहे, ते लिही. कॉम्प्रेसर लावलाय एवढ्याला काही नाही, रेशो किती वाटतो म्हणजे किती दाबलंय, अटॅक हळू आहे म्हणून काठीचा पहिला टोला निसटून पुढे येतो, रिलीज, म्हणजे सोडणं, पटकन आहे म्हणून झांजांची शेपटी वर चढते, असं कारण द्यायला लागतं. मला स्वतःला हे अवघड गेलं, हे पण सांगून टाकतो. १४ वर्षं मी कॉम्प्रेसर हाताने लावत होतो, बरं वाटलं की थांबायचो, आणि का बरं वाटलं ते कोणी विचारलं नव्हतं. २० मार्कांचा एक नमुना निबंध मी घरी घड्याळ लावून लिहिला आणि बाईंना तपासायला दिला. ११ मिळाले. पोरांना सांगितलं तर त्यांना इतका आनंद झाला की काय सांगू.

गणित थोडंसं असतं, आणि तिथे मात्र आपली लय कामाला आली. डिलेचा वेळ टेंपोशी जुळवायचा तर ६०००० भागिले बीपीएम (मिनिटाला किती मात्रा), म्हणजे १२० ला एक मात्रा ५०० मिलिसेकंद. अर्धी मात्रा २५०. आणि तो गिटारवाल्यांचा लाडका डॉटेड एट्थ, जो पोरांना काही केल्या लक्षात राहत नव्हता, तो म्हणजे पाऊण मात्रा, ३७५. मी टाळी देऊन पाऊण-पाऊण मात्रा मोजून दाखवली, एकावर चार नाही तर तीनात चार बसवायचे, दोन पोरांना जमलं, बाकीच्यांनी पाठ केलं.

इतिहास त्यांना आवडायचा, कारण सगळा अपघातांनी भरलेला. १९८० च्या पीटर गेब्रियल या इंग्लिश गायकाच्या अल्बमच्या वेळी लंडनच्या टाउनहाउस स्टुडिओत फिल कॉलिन्स ड्रम वाजवत होता, आणि इंजिनिअर ह्यू पॅजमने बोलायचा टॉकबॅक माइक चालू केला, ज्याच्यावर भयंकर कॉम्प्रेसर होता, आणि त्यातून ड्रम असा काही फुटला की तिथनं पुढे अख्खं दशक गेटेड रिव्हर्बच्या, म्हणजे घुमणं मधेच कापलेल्या आवाजाच्या, मागे लागलं. लंडनच्या अॅबी रोड स्टुडिओत १९६६ ला केन टाउनसेंडने एडीटी, म्हणजे एकदाच गायलेला आवाज आपोआप दुहेरी करायची युक्ती, काढलं ते गायकांना तेच परत गायचा कंटाळा यायचा म्हणून. १९९७ च्या ऑटोट्यूनवाला, म्हणजे बेसूर आवाज सुरात आणायचं सॉफ्टवेअर काढणारा, अँडी हिल्डब्रँड आधी तेल शोधायला जमिनीतल्या लाटा मोजायचा. हे असलं सांगितलं की साल आपोआप लक्षात राहायचं. आणि रोलंड कंपनीच्या ८०८ या ड्रम मशीनचं आणि ३०३ या बास सिंथचं चाललं होतं तेव्हा मी हळूच चरणजित सिंग ऐकवला, मुंबईचा फिल्मी वादक, १९८२ मधे ही दोन्ही यंत्रं घेऊन भैरव, ललत वगैरे राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवून रेकॉर्ड काढलेला माणूस. साल विचारलं तर सगळ्यांनी ९० च्या दशकातलं काहीतरी सांगितलं. १९८२ म्हटल्यावर एक पोरगा म्हणाला सर काहीही. मला उगाचच छाती फुगवावीशी वाटली, माझा काय संबंध, मी तेव्हा जन्मलोही नव्हतो.

मार्चपासून सव्वादोन तासांचे सराव. आणि त्यात मार्क जायचे ते कानामुळे नाही, फाइलींमुळे. टेंपो न टाकताच ऑडिओ आणायचा, मग मिडी एकीकडे आणि ऑडिओ एकीकडे. बाउन्स, म्हणजे सगळ्याची एक फाइल काढणं, ते करताना सोलो, म्हणजे एकच वाद्य ऐकायचं बटण, चालू राहायचा, म्हणजे अख्ख्या मिक्सऐवजी नुसती बास गिटार. शेवट लवकर कापला, सुरुवातीला चार सेकंद शांतता, फाइलला नाव चुकीचं. मी एक कागद टाइप करून प्रत्येक मॅकवर चिकटवला, 'बाउन्स केलं? मग ती फाइल उघडून ऐक', परीक्षेच्या आदल्या दिवशी अर्थातच तो काढावा लागला, आणि चिकटपट्टीचे डाग अजून आहेत.

सात पोरं, पाच मॅक, एक ऐनवेळच्यासाठी राखून ठेवलेला, त्यामुळे दोन गट, चार आणि तीन. दुसऱ्या गटाला पहिल्याशी बोलता येऊ नये म्हणून वेगळ्या खोलीत बसवून ठेवलं, मी त्यांच्याबरोबर बसलो नव्हतो, मला परवानगीच नाही, शिकवणाऱ्याने त्या दिवशी लांब राहायचं. फक्त मशीन बंद पडलं तर बोलावणार. मी कोठीत मेंढरांच्या शेजारी बसून केबली गुंडाळत होतो, ज्या आधीच गुंडाळलेल्या होत्या. कोणी बोलावलं नाही.

ड्रमवाला बाहेर आला तो कपाळ चोळत. म्हणाला हम शोधण्यात बराच वेळ गेला. सापडला का विचारलं तर म्हणे बहुतेक त्यात नव्हताच. मी काही बोललो नाही, काय बोलणार, हमच घोकत होता ना तो वर्षभर.

ऑगस्टमधे निकाल लागला. दोन जणांना ए, शिवणयंत्रवाली त्यातली एक. बाकीचे बी आणि सी, एकाला डी, त्याने तो पेपर अर्धा कोरा ठेवलेला, त्याच्या घरी वेगळं चाललं होतं. ड्रमवाल्याला बी, आणि मँचेस्टरला लाइव्ह साउंडच्या कोर्सला प्रवेश.

सप्टेंबरमधे जायच्या आधी तो शाळेत आला, ड्रम आवळायची एक चावी माझ्याकडे राहिलेली ती न्यायला. खोलीत कोणी नव्हतं, मॅक सगळे बंद. मी कपाटात शोधतोय तर हा मधेच उभा राहून छताकडे बघायला लागला. म्हणाला, 'सर, ती कोपऱ्यातली ट्यूब ऐकली का? गुणगुणतेय. पन्नास नाही, शंभर.' मी थांबून ऐकलं. खरंच होती, अगदी बारीक, चोकचा आवाज, आणि विजेच्या दुपटीलाच येतो तो. दोन वर्षं मी त्या खोलीत रोज बसतोय, कान काय ते माझेच असं समजून. केअरटेकरला मेल टाकलाय, अजून कोणी आलेलं नाही.